सोबतीला मावशी

४ सप्टेंबर, सोमवार

पोहोचलो. खरं तर 'पोहोचले' असं लिहायचं होतं. या वहीचं पहिलं वाक्य मी कधीपासून मनात घोळवत होते आणि त्यात मी एकटीच होते. पण पप्पांनी ऐन वेळी हट्ट धरला, परक्या देशात पोरीला एकटीला धाडायचं नाही. मग सोबतीला मावशी आली.

आमच्या फादरनी निघताना सांगितलं होतं, "रोज नाही जमलं तरी लिहीत जा. देव बोलावतोय की आपल्याच मनाचे खेळ आहेत, हे लिहिलं की कळतं." म्हणून ही वही. मला सिस्टर व्हायचंय. घरात ही काही नवी बातमी नाही. लहान असताना मी हे पाहुण्यांसमोर बोलून गेले, सगळ्यांनी कौतुक केलं आणि तेव्हापासून माझं नाव 'सिस्टरबाई' पडलं. दादाच्या लग्नाच्या गोष्टी झाल्या, माझ्या कधीच नाहीत. पप्पा माझी ओळख करून देतात तीच "ही आमची देवाला दिलेली" अशी. नोकरी केली तीही 'तोपर्यंत' म्हणून. आता तीन महिने इथल्या मठात राहायचं, सिस्टर्स चालवतात त्या वृद्धाश्रमात सेवा करायची आणि शेवटी मठाच्या मोठ्या सिस्टर सांगणार, मला ठेवून घेतात की नाही.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. काका फार लवकर गेले, तेव्हापासून ती आमच्याकडेच असते. तिचं एक बरं आहे, तिला कुठंही नेऊन ठेवा, ती मजेत असते. विमानात शेजारच्या माणसानं न खाल्लेला पाव तिनं खुणेनं मागून घेतला. मी मान फिरवली, तर म्हणते कशी, "अगं, तो तरी कुठं खात होता?"

खोलीत दोन पलंग, एक कपाट आणि एक खुर्ची. खिडकीतून मागचं अंगण आणि कपडे वाळत घालायच्या दोऱ्या दिसतात. मला हवी होती तशीच साधी खोली. मी गुडघे टेकून प्रार्थना केली. मावशीनं गादी दाबून पाहिली, म्हणाली, "बाई गं, काय झोप लागणार!" आणि लागलीसुद्धा.

६ सप्टेंबर, बुधवार

मला जेवणघरात आणि वरच्या मजल्यावरच्या खोल्यांत काम मिळालं, कारण मला इथली भाषा येते. म्हणजे मी वर्षभर क्लास केलाय आणि परीक्षेत पहिली आलेय. आज एका आजोबांना मी अगदी व्याकरणशुद्ध विचारलं, "पाणी हवंय का?" ते इतके हसले की त्यांना उचकी लागली आणि मग खरंच पाणी द्यावं लागलं. नंतर नर्स सिस्टरनी समजावलं. मी जे म्हणाले ते साधारण "महाराज, आपणांस जलप्राशनाची इच्छा आहे काय?" असं होतं म्हणे. आजोबांच्या डोक्यावर कायम टोपी असते म्हणून मी त्यांना मनात कॅप्टन म्हणते. त्यांनी आयुष्यभर बस चालवली.

मावशीला काम करायची सक्ती नव्हती, ती नुसती सोबत. पण तिनं माझ्याकरवी काम मागून घेतलं. "बसून बसून अंगाला मुंग्या येतात," हे वाक्य भाषांतरित करताना माझी पुरेवाट झाली. तिला धुलाईखोली दिली.

सकाळच्या प्रार्थनेला ती चॅपेलमध्ये झोपली. झोपली ती झोपली, घोरली. पुढच्या ओळीतल्या दोघी सिस्टर्सचे खांदे हलत होते. धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं.

११ सप्टेंबर, सोमवार

वरच्या मजल्यावर कोपऱ्यातल्या खोलीत एक आजी आहेत. कुणालाही अंगाला हात लावू देत नाहीत. अंघोळीचं नाव काढलं की हाताला लागेल ते फेकतात. काल माझ्यावर चमचा आला, आज साबणदाणी. मी त्यांचं नाव राणीसाहेब ठेवलंय. मी त्यांच्याशी अत्यंत प्रेमानं, डोळ्यांत करुणा आणून बोलते. त्यावर त्या जास्तच चिडतात.

दुपारी मावशी धुतलेले टॉवेल घेऊन वर आली आणि दुसरी साबणदाणी तिच्या पायाशी पडली. मावशीनं टॉवेल खाली ठेवले, कमरेवर हात घेतले आणि स्वच्छ मराठीत सुरू झाली. "काय हो, लहान आहात का? ही पोर घरदार सोडून तुमची सेवा करायला आलीय आणि तुम्ही तिचं डोकं फोडताय?" राणीसाहेब त्यांच्या भाषेत सुरू झाल्या. दोघीही थांबेनात. एकीचं संपायच्या आत दुसरीचं चालू. मी मध्ये पडून भाषांतर करायला गेले तर दोघींनी मला एकदमच गप्प बसवलं. शेवटी दोघी दमल्या. राणीसाहेबांनी हात पुढे केला, मावशीनं तो धरला आणि त्या अंघोळीला गेल्या.

नर्स सिस्टर मला म्हणाल्या, "तुमच्या मावशी काय म्हणाल्या त्यांना?" मी म्हटलं, "प्रेमाचे चार शब्द."

१७ सप्टेंबर, रविवार

खरं लिहायचं ठरवलंय तर लिहिते. प्रार्थनेत काही होत नाहीये. घरी असताना नुसते डोळे मिटले की भरून यायचं. इथं डोळे मिटले की उद्याच्या नाश्त्याच्या बशा दिसतात. रोज स्वतःला विचारते, हाक आली का? आज आली का? नाही. कदाचित अजून शांतता हवी.

म्हणून दुपारी सगळे विश्रांती घेत असताना चॅपेलमध्ये गेले, तर तिथं मावशी! शेवटच्या बाकावर, चपला काढून, पाय समोरच्या फळीवर टेकून बसलेली. मी विचारलं, "इथं काय करतेस?"

"बसलेय."

"प्रार्थना?"

"नाही गं. पाय दुखत होते. इथं बरं वाटतं."

चॅपेल म्हणजे काय बसस्टॉप आहे? पण बोलले नाही. नंतर पाहिलं तर त्या बाकाच्या मागेच हीटर आहे. बरोबर जागा शोधली बाईनं.

२३ सप्टेंबर, शनिवार

अनर्थ! मावशीनं सगळ्या सिस्टर्सचे लोकरी स्वेटर एकत्र कढत पाण्यात धुतले. नर्स सिस्टरचा स्वेटर आता एखाद्या बाहुलीला व्यवस्थित बसेल. मावशी ते इवले इवले स्वेटर दोरीवर वाळत घालत होती आणि चेहरा असा की बघवेना. मी माफी मागायला मोठ्या सिस्टरांकडे गेले. मनात पूर्ण भाषण तयार होतं. मोठ्या सिस्टर माझ्याबरोबर अंगणात आल्या, त्यांनी स्वतःचा स्वेटर दोरीवरून काढला, उलटा-सुलटा करून पाहिला आणि टोपीसारखा डोक्यात घातला. मग काय, एकेक सिस्टर येऊन स्वतःचा शोधायला लागली आणि अंगणात नुसता हसण्याचा गोंधळ. मावशीसुद्धा हसली, पण मला खोलीत विचारत होती, "मला हाकलून देतील का गं?"

"तुला कशाला हाकलतील? तू कुठं इथं कामावर आहेस? तू तर माझ्याबरोबर आलीस."

"हो, तेही खरंच," ती म्हणाली.

१ ऑक्टोबर, रविवार

घरी फोन. पप्पा, आई, दादा, वहिनी, सगळे आळीपाळीनं माझ्याशी बोलले. "काय सिस्टरबाई, ठरलं का?" पप्पांनी तर तिकडच्या फादरना माझ्या समारंभाची तारीखही विचारून ठेवलीय. त्यांनी ती सांगितली आणि मी लगेच विसरले. उत्साहानं असणार.

शेवटी मावशीला फोन दिला. आईनं तिला "कधी येताय?" एवढंच विचारलं. मावशी म्हणाली, "पोरीचं झालं की."

९ ऑक्टोबर, सोमवार

एक नवीन गोष्ट सुरू केलीय. दुपारी जेवणघरात सगळ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवते. कॅप्टन माझे उच्चार दुरुस्त करतात, मग बाकीचे कॅप्टनना दुरुस्त करतात, मग भांडणं होतात. आज हवामानाच्या बातमीवरून दोन आजी एकमेकींशी बोलायच्या बंद झाल्या आणि खेळाच्या पानावर पुन्हा बोलायला लागल्या. मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. वेळ कसा गेला कळलं नाही आणि दुपारची प्रार्थना राहूनच गेली. फार अपराधी वाटतंय. उद्यापासून घड्याळ समोर ठेवून वाचायचं.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

मावशी अलीकडे माझ्या गोष्टीत रस घ्यायला लागलीय. आज चादरींच्या घड्या घालताना म्हणाली, "सिस्टर व्हायला वयाची अट असते का गं?"

मी सांगितलं, प्रत्येक मठाचं वेगळं असतं. माझं वय अगदी योग्य आहे.

"आणि लग्न झालेलं असलं तर? म्हणजे नवरा गेलेला असला तर?"

म्हटलं, "काही ठिकाणी चालतं. अशा एक-दोघी इथंही आहेत. का?"

"असंच."

मग मी तिला सगळं नीट समजावून सांगितलं. आधी उमेदवारी, मग तयारीचं वर्ष, मग पहिलं व्रत. ती घडी हातात धरून ऐकत होती. मध्येच म्हणाली, "परीक्षा असते का? लेखी?" मी हसले. तिला माझी किती काळजी!

१८ ऑक्टोबर, बुधवार

राणीसाहेबांची तब्येत उतरलीय. डॉक्टर येऊन गेले. आता फार काही करायचं नाही, त्यांना त्रास होऊ द्यायचा नाही, एवढंच, असं म्हणाले. राणीसाहेब आता काही फेकत नाहीत. मला ते फेकणं आठवून कसंतरी झालं.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

राणीसाहेब गेल्या. दुपारी, ऊन खोलीत आलेलं असताना. नर्स सिस्टर, मोठ्या सिस्टर, मी आणि मावशी होतो. मी प्रार्थना वाचत होते. एकदा थांबले तर त्यांनी बोट हलवलं. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "त्यांना ऐकायचंय, पुन्हा वाच." मग मी वाचतच राहिले. मावशी पायथ्याशी बसून त्यांचे तळपाय चोळत होती. त्या गेल्यावरही ती थोडा वेळ चोळत होती. मग तिनं पायांवर पांघरूण नीट घातलं.

संध्याकाळी अंगणात दोऱ्यांवरचे कपडे काढताना ती बोलली. काकांबद्दल ती कधी बोलत नाही. म्हणाली, "तुझे काका गेले ना, तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. घरभर माणसं आलेली. सगळ्यांना चहा हवा होता. मी तिसऱ्यांदा आधण ठेवलं आणि आतून कुणीतरी रडायला लागलं. मला त्यांच्याजवळ बसताच आलं नाही गं. चहा कोण करणार?"

मी तिच्या हातातली टोपली घेतली.

"आज बसता आलं," ती म्हणाली.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

जे झालं ते जसंच्या तसं लिहिते, कारण लिहिलं नाही तर मी ते मनात बदलून टाकेन.

मोठ्या सिस्टरांनी ऑफिसात बोलावलं. "मावशींनाही घेऊन ये," म्हणाल्या. मला वाटलं, घरचं मोठं माणूस म्हणून संमती विचारणार. मी इस्त्रीचा पांढरा ब्लाऊज घातला. मावशी ओल्या हातांनी तशीच आली.

मोठ्या सिस्टर बराच वेळ टेबलावरची पेन्सिल फिरवत होत्या. मग म्हणाल्या, "तुम्ही आमच्यातल्याच झाला आहात. पुढंही आमच्याबरोबर राहावं, आमच्यातलं एक व्हावं, असं कधी मनात येतं का?"

इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते हेच वाक्य. मी म्हटलं, "हो सिस्टर. लहानपणापासून!" आणि रडायला लागले.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग हळूच म्हणाल्या, "बाळ, मी तुझ्या मावशींना विचारत होते. त्यांना सांगशील?"

इथल्या भाषेत तू आणि तुम्ही एकच आहे, एकीला आणि दोघींनाही तोच शब्द. क्लासमध्ये पहिली आलेल्या मला हे माहीत असायला हवं होतं.

मी डोळे पुसले आणि मावशीला सांगितलं. शब्द न् शब्द. मावशीनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"मला?" ती हसली. मग हसू थांबलं. "अगं, मला कुठं जमणार?"

मोठ्या सिस्टर माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "नाही म्हणतेय."

त्यांनी मान हलवून 'ठीक आहे' म्हटलं. बाहेर आल्यावर मावशीनं विचारलं, "काय म्हणाल्या गं त्या शेवटी?"

"काही नाही. ठीक आहे म्हणाल्या."

ती पुन्हा धुलाईखोलीत गेली.

२९ ऑक्टोबर, रविवार

मला देवाचा राग आलाय. हे लिहिणं पाप असेल तर असो. मी जन्मभर फोनजवळ बसून राहावं आणि फोन यावा मावशीला? ती तर चॅपेलमध्ये पाय वर करून बसते! तिला प्रार्थना अर्धी पाठ नाही! आणि मी तिला बरोबर आणलं. मीच. नाही, पप्पांनी. पप्पांचाही राग आलाय.

आज वाचनाला जाणार नव्हते. कॅप्टननी टोपी हातात घेऊन दारापर्यंत येऊन विचारलं, "महाराज, आज वर्तमानपत्रवाचनाची इच्छा नाही काय?" मी दार लावून घेतलं. मग उघडलं आणि गेले.

३ नोव्हेंबर, शुक्रवार

इस्त्रीला आम्ही दोघी होतो. मावशी काम करताना गुणगुणते, अलीकडे गुणगुणत नाही. मीही गप्प. शेवटी तीच म्हणाली, "मोठ्या सिस्टर रागावल्यात का गं माझ्यावर?"

"का रागावतील?"

"मी त्या दिवशी नीट उत्तर दिलं नाही. प्रश्न किती चांगला होता. मला असा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता कधी. कधी येतेस, काय केलंस, कुठं ठेवलंस, असं विचारतात. तुला राहायचंय का, असं नाही विचारत कुणी."

मी इस्त्री उभी केली. ती कुणाबद्दल बोलत होती ते मला कळत होतं. त्या घरात मीही राहते.

"मावशी, तुला राहायचंय का?"

ती चादरीचे काठ जुळवत राहिली. एकदा जुळवले, सोडले, पुन्हा जुळवले. मग खाली बघून म्हणाली, "मला कुठं जमणार?"

तेच वाक्य, तेच शब्द. पण आज मला त्यातलं प्रश्नचिन्ह ऐकू आलं. खरं तर त्या दिवशीही आलं होतं.

मी तिचा हात धरला आणि तशीच, चादरीसकट, मोठ्या सिस्टरांकडे घेऊन गेले. दार वाजवलं आणि आत जाऊन उभ्या उभ्याच सांगितलं, "सिस्टर, मी त्या दिवशी चुकीचं भाषांतर केलं. मावशी नाही म्हणाली नव्हती. तिनं विचारलं होतं, मला जमेल का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बरंच पाहिलं. मग मावशीकडे वळल्या आणि काहीतरी म्हणाल्या. मावशी माझ्याकडे बघू लागली.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, जमेल. लोकर सोडून सगळं."

मावशी हसली आणि रडली, दोन्ही एकदमच, आणि तोंड पुसायला हातात चादर होतीच. ती पुन्हा धुवावी लागली.

निघताना मी दारात थांबले. "आणि मी, सिस्टर?"

त्यांनी उलट विचारलं, "मी 'नाही' म्हटलं तर तुला काय वाटेल?"

उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि काय झालं तर मला हलकं वाटलं. नुसतं कल्पनेनंच. एखादं भरलेलं मडकं कुणीतरी डोक्यावरून उतरवून घ्यावं तसं. मी घाबरले. त्यांना ते दिसलं असावं, कारण त्या म्हणाल्या, "घरी जा. दुसरं काहीतरी करून बघ. आम्ही इथंच आहोत."

८ नोव्हेंबर, बुधवार

मावशीचं ठरलं. वर्षभर उमेदवारी, मग पुढचं पुढं. कागदपत्रांचं मोठ्या सिस्टर बघताहेत. भाषा शिकवायची जबाबदारी कॅप्टननी घेतलीय, त्यामुळे ती बसड्रायव्हरांच्या शिव्या आधी शिकणार हे नक्की.

मी तिला विचारलं, "तुला कसं कळलं गं? हाक वगैरे?"

"हाक नाही बाई काही," ती म्हणाली. "मी आपली तिथं बसायचे. वाटायचं, इथं कुणी काही मागत नाही, किती बरं. मग एक दिवस वाटलं, कुणीतरी आहे. तोही काही मागत नाही. नुसता आहे." मग जरा थांबून, "आणि हीटरही आहे."

मी हसले. मत्सर आहे अजून, खोटं का बोलू. पण ती बोलत असताना मी तिच्याकडे बघत होते आणि मला वाटलं, या बाईबरोबर मी जन्मापासून राहतेय आणि आज पहिल्यांदा भेटतेय.

१२ नोव्हेंबर, रविवार

घरी फोन. आधी मी बोलले. पप्पांना समजायलाच वेळ लागला.

"म्हणजे तू परत येणार?"

"हो."

"आणि मावशी तिथं सिस्टर होणार?"

"हो."

"अगं पण तिला आपण सोबत म्हणून पाठवलं होतं!"

"पप्पा, तुम्हाला घरातून एक द्यायची होती ना देवाला? एक दिली."

मग दादाचं हसू ऐकू आलं, मग वहिनीचं त्याला दटावणं. मग आईनं फोन घेतला. ती रागावलेली होती. म्हणाली, "हे काय खूळ काढलंय तिनं या वयात? आणि इथं माझं..." आणि तिथंच थांबली. 'माझं कोण करणार' असं ती म्हणणार होती. ते तिलाच ऐकू आलं असावं. मग म्हणाली, "दे तिला."

मावशी फोन घेऊन अंगणात गेली आणि दोऱ्यांच्या मागे उभी राहिली. मी खिडकीतून बघत होते. चादरी वाऱ्यानं हलत होत्या, तेवढ्यापुरती ती दिसायची. एकदा कमरेवर हात घेऊन भांडत होती. एकदा डोळे पुसत होती. एकदा इतकी हसली की खाली बसली. परत आली तेव्हा विचारलं, काय झालं? म्हणाली, "आमचं आमच्यात."

२७ नोव्हेंबर, सोमवार

उद्या निघायचं. बॅग भरली. शेवटचं वर्तमानपत्र वाचलं. मी चुकतेय म्हणून आज कुणी भांडलं नाही, सगळे नुसते ऐकत होते. मला ते मुळीच आवडलं नाही. शेवटी मुद्दाम एक शब्द चुकीचा वाचला, तेव्हा कुठं कॅप्टन ओरडले आणि सगळं सुरळीत झालं.

नर्स सिस्टरनी विचारलं, "घरी गेल्यावर काय करणार?" मी म्हटलं, "माहीत नाही." हे उत्तर मी आयुष्यात कधी दिलं नव्हतं. लहानपणापासून मला माहीतच असायचं. पुन्हा एकदा म्हणून पाहिलं, माहीत नाही. तोंडाला बरं लागतं.

२ डिसेंबर, शनिवार

घरी. अजून झोपेचं गणित जमत नाहीये. पप्पा मला काय म्हणून हाक मारावी या पेचात आहेत. 'सिस्टर' एवढं तोंडातून येतं आणि मग खोकतात. काल पाहुणे आले होते, त्यांना म्हणाले, "ही आमची मुलगी." बस, एवढंच. पाहुण्यांना काही विशेष वाटलं नाही. मला फार वाटलं.

आज सकाळी टाकीतलं पाणी संपलं. मोटार चालू करायची तर ती नुसती गुरगुरते, फिरत नाही. आम्ही पाचही जण मोटारीभोवती गोल करून उभे. ती कशी चालू होते ते घरात एकालाही माहीत नाही. मावशी जायची, काहीतरी करायची आणि पाणी यायचं. दादानं बटण खाली-वर करून पाहिलं. वहिनी म्हणाली, मावशी बहुतेक कशानं तरी ठोकायच्या. कशानं, कुठं, ते कुणी पाहिलेलं नाही. पप्पा म्हणाले, "एक फोन लावला की काम होईल," आणि त्यांनी खिशातून फोन काढला.

"नका लावू," आई म्हणाली. "आत्ता तिची प्रार्थनेची वेळ आहे."

पप्पांनी फोन खिशात ठेवला. मग आईनं पदर खोचला, कोपऱ्यातला लाकडी दांडका घेतला आणि मोटारीला एक ठेवून दिला. काही झालं नाही. दुसऱ्या बाजूनं दिला. मोटार शिंकल्यासारखी झाली आणि फिरायला लागली.

तिकडं आत्ता किती वाजले असतील हे आईला कसं ठाऊक, ते मी विचारलं नाही. बादली घेऊन नळाखाली धरली.